गंजाचे नमुने भंगारात काढू नका : आमच्या संस्थेच्या व्यवस्थापन मंडळाला खुलं पत्र

माननीय अध्यक्ष आणि व्यवस्थापन मंडळाचे सर्व सदस्य,

सप्रेम नमस्कार.

मंडळाच्या गेल्या बैठकीत मंजूर झालेल्या ठरावाची प्रत मला एका जुन्या विद्यार्थ्याने पाठवली. धातुशास्त्र विभागातली गंज-संशोधनाची प्रयोगशाळा बंद करायची, तिच्या जागी संगणक कक्ष करायचा, समुद्रकाठचं चाचणी-अंगण मोकळं करून तिथे अतिथिगृह बांधायचं आणि अंगणातल्या मांडण्यांवरचे धातूचे नमुने 'निरुपयोगी साहित्य' म्हणून निर्लेखित करून लिलावात काढायचे, असं त्यात म्हटलं आहे. कारण दिलं आहे ते एवढंच : 'संशोधन निष्पत्ती व उत्पन्न नगण्य.'

मी रीतसर पत्र लिहिलं, भेटीची वेळ मागितली. उत्तर आलं नाही. लिलावाची सूचना मात्र फलकावर लागली. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. संस्थेचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिने मला शिकवलं, नोकरी दिली. तिची नाचक्की व्हावी असं मला वाटत नाही. ज्यांच्यापर्यंत हे पोचायला हवं, ते ओळखतील. बाकीच्यांनी हा आपल्या गावचा आणि आपल्या घराच्या स्लॅबचा प्रश्न समजून वाचावा.

गोव्यात मांडवीवरचा पहिला पूल १९७० मध्ये वाहतुकीला खुला झाला आणि ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. त्या वेळी मी धातुशास्त्राची विद्यार्थिनी होते. पुलाच्या काँक्रीटमध्ये ताणून बसवलेल्या पोलादी तारा खाऱ्या हवेत आतल्या आत गंजल्या होत्या. बाहेरून पूल धड दिसत होता. पुढची काही वर्षं पणजीकर फेरीबोटीने मांडवी ओलांडत राहिले. पोलाद कसं करायचं हे आम्हाला चार वर्षं शिकवत होते. ते परत मातीकडे कसं जातं, हे मात्र कुणी नीट शिकवत नव्हतं. मी हा विषय घेतला तो त्या पुलामुळे. नंतर याच संस्थेत शिकवायला लागले आणि निवृत्त होईपर्यंत दुसरा विषय केला नाही.

अंगणाबद्दल आधी सविस्तर लिहिते, कारण ठरावाला हात वर करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते पाहिलेलं नाही. भरतीच्या रेषेपासून थोडं आत, सुरूच्या झाडांच्या पुढे कुंपण घातलेली जागा आहे. तिथे समुद्राकडे तोंड करून, पंचेचाळीस अंशांत कललेल्या मांडण्या आहेत. मांडण्यांवर पोर्सेलिनच्या खुंट्यांना अडकवलेल्या १०० बाय १५० मिलिमीटरच्या पट्ट्या : साधं पोलाद, जस्त चढवलेला पत्रा, ॲल्युमिनियम-जस्ताच्या मिश्र लेपाचा पत्रा, तांबं, पितळ, ३०४ आणि ३१६ जातीचं स्टेनलेस स्टील, रेड ऑक्साइडवर साधा रंग, एपॉक्सीवर पॉलियुरेथेन. एका कडेला सळया घातलेले काँक्रीटचे ठोकळे आहेत, काही गोड्या रेतीचे, काही खाडीच्या रेतीचे. दुसऱ्या कडेला आडोशाखाली पाण्याच्या भांड्यात बुडलेली कापडी वात उभी आहे. वाऱ्याबरोबर येणारं मीठ ती वात टिपते. ठरावीक दिवसांनी ते पाणी प्रयोगशाळेत नेऊन क्लोराइड मोजायचं, म्हणजे त्या काळात एक चौरस मीटरवर रोज किती मीठ बसलं ते कळतं.

पट्टी लावण्याआधी तिचं वजन मिलिग्रॅमपर्यंत घेतलेलं असतं. मग ती १, २, ४, ८, १६ वर्षं अशा टप्प्यांनी उतरवायची, आम्लाच्या द्रावणात तिचा गंज काढायचा, पुन्हा वजन घ्यायचं. घटलेल्या वजनावरून किती मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे किती हजारावे भाग, धातू गेला ते निघतं. एवढंच काम. यात चमकदार काही नाही आणि घाई करायला जागाही नाही.

गंज सरळ रेषेत चालत नाही, ही या विषयातली मुख्य अडचण आहे. साध्या पोलादावर पहिल्या वर्षी तो जोरात असतो. पुढे गंजाचा थरच थोडा आडोसा करतो आणि वेग मंदावतो. किती मंदावतो, हे त्या त्या जागेच्या हवेवर ठरतं. देशावर तो बराच मंदावतो. किनाऱ्यावर मीठ त्या थराखाली शिरत राहतं, थर सुटत राहतो आणि धातू पुन्हा उघडा पडतो. पहिल्या वर्षाच्या आकड्यावरून सोळाव्या वर्षाचा आकडा सांगायचा तर मधल्या टप्प्यांच्या पट्ट्या लागतातच. प्रयोगशाळेतल्या मीठफवाऱ्याच्या पेटीत हजार तास टिकलेला रंग आमच्या मांडणीवर दोन पावसाळ्यांत सोलून निघालेला मी पाहिला आहे. त्या पेटीत ऊन नाही, दव नाही, पाऊस मीठ धुऊन नेत नाही आणि ऑक्टोबरच्या उन्हात ओलं-कोरडं, ओलं-कोरडं होत नाही. हापूसचं कलम लावणारा पहिल्या वर्षी फळ मागत नाही, आणि फळ धरायच्या सुमारास झाड तोडतही नाही.

आज आपण तेच करायला निघालो आहोत. नव्वदच्या दशकात सुरू केलेली पहिली मालिका सोळा वर्षं पूर्ण करून उतरली. पण तोवर बाजारातला माल बदलला. त्या मालिकेतली सळई पिळाची होती. आता घराघरात टीएमटी सळई जाते. तेव्हा गावात जस्ताचा साधा पत्रा होता. आता रंगीत पत्रा आणि मिश्र लेपाचा पत्रा आहे. म्हणून दुसरी मालिका लावली. तिच्या आठ वर्षांपर्यंतच्या पट्ट्या उतरल्या आहेत. सोळा वर्षांच्या पट्ट्या मांडणीवर आहेत आणि त्यांचा काळ आता थोडाच उरला आहे. लिलावात त्या किलोच्या भावाने जातील. उद्या तुम्हीच म्हणालात की काम पुन्हा सुरू करा, तर पैसे उभे करता येतील, यंत्रं आणता येतील, माणसं नेमता येतील. पट्ट्यांनी खारं वारं खाल्लेली वर्षं आणता येणार नाहीत.

'निष्पत्ती नगण्य' या शब्दांचं उत्तर मी पत्र्याच्या हिशेबाने देते. हवा किती गंजवणारी आहे याचे सी-१ पासून सी-५ आणि त्यापुढे सी-एक्स असे आंतरराष्ट्रीय वर्ग आहेत. सी-३ वर्गात साधं पोलाद पहिल्या वर्षी २५ ते ५० मायक्रॉन झिजतं, सी-५ मध्ये ८० ते २०० मायक्रॉन. जस्त सी-३ मध्ये वर्षाला ०.७ ते २.१ मायक्रॉन जातं, सी-५ मध्ये ४.२ ते ८.४. आता बाजारात ज्याला १२० ग्रॅमचा पत्रा म्हणतात, त्यावर दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १२० ग्रॅम जस्त असतं. म्हणजे एका बाजूला सुमारे साडेआठ मायक्रॉन. हा पत्रा सी-५ हवेत लावला तर जस्त एक-दोन वर्षांत संपतं आणि खालचं पोलाद उघडं पडतं. तोच पत्रा सी-३ हवेत चार वर्षांपासून बारा वर्षांपर्यंत निघतो. आता तुमचं गाव, तुमची शाळा, तुमची वाडी यांपैकी कोणत्या वर्गात बसते? समुद्रापासून दोनशे मीटरवर एक वर्ग, टेकडीच्या आड दोन किलोमीटरवर दुसरा. हे पुस्तकात मिळत नाही. ते मांडण्या लावून मोजावं लागतं आणि आम्ही ते मोजत आलो.

३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ अलिबागजवळ किनाऱ्याला धडकलं आणि रायगड-रत्नागिरीत घरांची छपरं उडाली. त्यानंतर लोकांनी कर्ज काढून नवे पत्रे घातले. कोणता पत्रा घ्यावा हे विचारायला माणसं आमच्या विभागात येत. शाळेचे मुख्याध्यापक आले, बागायतदार आले, होडीवाले आले. आम्ही त्यांना मांडणीवरच्या पट्ट्या दाखवत असू. पत्र्याइतकाच, किंबहुना जास्त, पत्रा धरून ठेवणारा जे-हूक महत्त्वाचा असतो. पत्रा वरून पावसाने धुतला जातो. हुकाच्या वायसरखाली मीठ आणि ओल अडकून राहते. तिथे गंज लपून वाढतो आणि वादळात आधी तो हूक सुटतो. आडोशाखालचा नमुना उघड्यावरच्या नमुन्यापेक्षा जास्त गंजतो, हे ऐकून लोकांना नवल वाटे. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा मीठ आणतो खरा, पण पाऊस उघड्या पृष्ठभागावरचं मीठ वाहून नेतो. सज्जाच्या खालच्या बाजूला, वळचणीला, पुलाच्या गर्डरखाली ते साठत राहतं. घराच्या गॅलरीची खालची बाजू आधी का फुगते, याचं एक कारण हेच.

या सल्ल्याचे आम्ही पैसे घेतले नाहीत. 'उत्पन्न' या रकान्यात तो दिसणार नाही.

आता माझ्या तक्रारी. त्या एका दिवसात साचलेल्या नाहीत, म्हणून एकेक मांडते.

पहिली तक्रार रिकाम्या पदांची. प्रयोगशाळा सहायकाचं पद सहायक निवृत्त झाल्यापासून रिकामं आहे. पट्ट्या लावणं, उतरवणं, वातीचं पाणी बदलणं हे पावसातही न चुकता करण्याचं काम आहे. ते गेली काही वर्षं विद्यार्थी आणि एक तासिका तत्त्वावरचा तरुण शिक्षक स्वतःच्या दुचाकीने जाऊन करत आले. त्या शिक्षकाला उन्हाळ्याच्या सुट्टीत पगार नसतो; समुद्राला मात्र सुट्टी नसते, म्हणून तो मे महिन्यातही जातो. पोटेन्शिओस्टॅट, म्हणजे विद्युतमापनाने गंजाचा वेग काढणारं यंत्र, त्याच्या दुरुस्तीसाठी मागितलेली रक्कम मंजूर झाली नाही. आधी माणूस काढायचा, मग यंत्र बंद पडू द्यायचं आणि शेवटी काम होत नाही म्हणून कुलूप लावायचं, या क्रमाला मी न्याय्य म्हणू शकत नाही.

दुसरी तक्रार मोजमापाची. शिक्षकाच्या कामाचं मूल्यमापन वर्षाला किती शोधनिबंध छापले यावर होतं. ज्या प्रयोगाचं उत्तर सोळा वर्षांनी येतं, त्याला त्या तक्त्यात मधली पंधरा वर्षं शून्य. तरुण शिक्षक अशा कामाकडे कसे वळतील? आयआयटी कानपूरचे प्राध्यापक आर. बालसुब्रमण्यम यांनी दिल्लीच्या लोहस्तंभावर वर्षानुवर्षं काम केलं. सुमारे सोळाशे वर्षांचा तो खांब टिकला कसा, याचं उत्तर त्यांनी लोखंडातल्या फॉस्फरसमध्ये आणि त्यातून पृष्ठभागावर तयार झालेल्या लोह-फॉस्फेटच्या पातळ थरात शोधलं. आज जगभर ते उत्तर शिकवलं जातं. आपल्या तक्त्यात बसवायचं म्हटलं असतं तर ते काम उभंच राहिलं नसतं.

तिसरी अभ्यासक्रमाची, ती थोडक्यात. गंजशास्त्र हा विषय धातुशास्त्राला सक्तीचा होता, तो ऐच्छिक केला. वेळापत्रकात तो अशा विषयासमोर ठेवला की ज्याला नोकरीची हमी आहे असं मुलांना सांगितलं जातं. मग 'विद्यार्थीसंख्या अपुरी' म्हणून तो बंद. स्थापत्यच्या मुलांना तर तो कधीच नव्हता. खाडीत उभ्या राहणाऱ्या खांबांना लोखंडावर किती काँक्रीट हवं, याचा आकडा ती पाठ करतात : भरती-ओहोटीच्या पट्ट्यात ७५ मिलिमीटर, खाऱ्या तुषारांत ५०, किनाऱ्याच्या हवेत ४५. हे आकडे का आहेत हे त्यांना कुणी सांगत नाही. ताज्या काँक्रीटची अल्कता १२.५ पीएचच्या वर असते, त्यात सळईवर एक अदृश्य संरक्षक थर बसतो; क्लोराइड आत झिरपत तिथवर पोचलं की तो थर फुटतो; गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत होतं आणि काँक्रीट आतून चिरतं. कारण माहीत नसलेला इंजिनिअर साइटवर ठेकेदाराने ४५ चे २० केले तर वाद घालत नाही. धुतलेली नसलेली खाडीची रेती आली तर ट्रक परत पाठवत नाही.

चौथी तक्रार लिहिताना मला त्रास होतो आहे, पण ती टाळली तर हे पत्र अपुरं राहील. काही वर्षांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेकडे एका सार्वजनिक पाण्याच्या टाकीच्या खांबांची तपासणी आली. काँक्रीटवर तांबं-मोरचूद अर्धघट (तांब्याची कांडी आणि मोरचुदाचं द्रावण असलेली मापनाची नळी) टेकवून सळईचं विभव, म्हणजे विद्युतदाब, मोजतात. वाचन उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे गेलं, तर त्या जागी सळई गंजत असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त धरली जाते. बहुतेक खांबांवर वाचनं त्याच्या पलीकडे होती. आम्ही तसं लिहिलं आणि टाकी रिकामी करून दुरुस्त करावी असं सुचवलं. त्यावर शब्द सौम्य करावेत, 'निरीक्षणाखाली ठेवावे' असं म्हणावं, असा निरोप मला वरून आला. मी शब्द बदलले नाहीत. अहवाल पुढे गेलाच नाही. आमच्याकडे बाहेरच्या तपासण्या पाठवणंही त्यानंतर हळूहळू बंद झालं. आता ठराव म्हणतो की प्रयोगशाळेचं उत्पन्न नगण्य आहे. हे उत्पन्न का आटलं, हे मंडळाच्या नोंदींत असेल. ते काढून पाहावं.

असे शब्द सौम्य केले की काय होतं, हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. १४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी मुंबईत सीएसएमटीजवळचा पादचारी पूल कोसळला आणि किमान सहा जण गेले. त्या पुलाचं स्ट्रक्चरल ऑडिट आधी झालेलं होतं आणि त्यात तो किरकोळ दुरुस्तीत बसवला होता. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवछत्रपतींचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ रोजी उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी, एकच पावसाळा अंगावर घेऊन, पडला. नट-बोल्ट गंजत असल्याचं पत्र काही दिवस आधी लिहिलं गेलं होतं. पुढे चौकशीत गंज, कमकुवत सांगाडा आणि वेल्डिंग या गोष्टी आल्या. १५ जून २०२५ रोजी मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या भाराने खचला, चार जण गेले. गुजरातेत मोरबीचा झुलता पूल ३० ऑक्टोबर २०२२ रोजी तुटला तेव्हा १३५ माणसं गेली. चौकशीत आढळलं की एका मुख्य दोराच्या ४९ तारांपैकी २२ त्या दिवसाच्या आधीच गंजलेल्या होत्या.

यातल्या प्रत्येक घटनेत गंज एकटा दोषी होता असं मी म्हणत नाही. गर्दी असते, चुकीचं आरेखन असतं, कामचुकारपणा असतो. पण गंज असतोच, तो आधीपासून असतो आणि मोजता येतो.

मालवणच्या निमित्ताने एक गोष्ट सांगते, कारण ती माझ्या वर्गात दर वर्षी सांगितली जाई. कांसं किंवा तांबं आणि साधं पोलाद एकमेकांना टेकले आणि मधे खारं पाणी आलं, की त्यांचा विद्युतघट होतो आणि पोलाद झिजतं. न्यूयॉर्कच्या बंदरातला स्वातंत्र्यदेवीचा पुतळा १८८६ मध्ये उभा राहिला तेव्हा बाहेर तांब्याचा पत्रा आणि आत लोखंडी सांगाडा होता. मधे लाखेत भिजवलेलं ॲस्बेस्टॉस घातलं होतं, म्हणजे धोका त्यांना ठाऊक होता. तो थर कालांतराने निकामी झाला, लोखंडी पट्ट्या फुगल्या आणि तांब्याचे रिबिट उखडले. शताब्दीच्या दुरुस्तीत त्या पट्ट्या काढून ३१६ एल जातीचं स्टेनलेस स्टील बसवलं. हे सगळं छापलेलं आहे, चाळीस वर्षांपूर्वीचं आहे. खाऱ्या हवेत पुतळा, जेटी किंवा जिना उभारणाऱ्या प्रत्येक कार्यालयात हे जाणणारा एक तरी माणूस हवा. असा माणूस एखाद्या वर्गात आणि एखाद्या अंगणात तयार होतो.

अमेरिकेत १५ डिसेंबर १९६७ रोजी ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज कोसळला. ४६ माणसं गेली. एका पोलादी दुव्यातली जेमतेम अडीच मिलिमीटर खोलीची भेग, तीही ताण आणि गंज यांनी मिळून वाढवलेली, एवढं कारण पुरलं. त्यानंतर त्या देशाने पुलांच्या तपासणीचे राष्ट्रीय नियम केले, १९७१ पासून ते लागू झाले आणि सर्वसाधारणपणे दर दोन वर्षांनी तपासणी आली. त्यांच्याकडे नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर कुरे बीचला १९३० च्या दशकापासून असंच एक चाचणी-अंगण चालू आहे. आपल्याकडे तमिळनाडूत कराईकुडीच्या केंद्रीय विद्युत-रसायन संशोधन संस्थेने देशभर असे नमुने लावून भारताचा गंजनकाशा केला. अशा नकाशात कोकणातली एकेक जागा भरायला एकेक अंगण लागतं. गंजावर जगभर होणाऱ्या खर्चाचा २०१६ मध्ये झालेला एक मोठा अंदाज वर्षाला अडीच लाख कोटी डॉलरचा होता, म्हणजे जगाच्या एकूण उत्पन्नाच्या ३.४ टक्के. त्यातला १५ ते ३५ टक्के खर्च आज हाती असलेल्या ज्ञानानेच वाचू शकतो, असंही त्यात म्हटलं होतं. संस्थेचा ताळेबंद पाहणाऱ्या सदस्यांसाठी हा आकडा देते आहे.

संगणक कक्षाला माझा विरोध नाही. मुलांना तो हवा आहे. आमच्या नोंदींवर आजची मुलं संगणकाच्या मदतीने जे काढू शकतील ते आम्हाला आलेखाच्या कागदावर जमलं नाही, हेही मला दिसतं. पण संगणकाला द्यायला नोंदी लागतात. दुसऱ्या देशाच्या किनाऱ्यावरचे आकडे घालून आपल्या किनाऱ्याचं उत्तर येणार नाही. तिथे आपला मॉन्सून नाही. दोन्ही एकाच विभागात सुखाने नांदू शकतात. जागेची अडचण असेल तर प्रयोगशाळा अर्धी करा. अंगणाची जागा मात्र तीच लागते, कारण मीठ समुद्रापासूनच्या अंतरावर मोजलं जातं.

माझ्या मागण्या अशा आहेत.

नमुन्यांचा लिलाव ताबडतोब थांबवावा. यासाठी पैसा लागत नाही, एक सही लागते. दुसऱ्या मालिकेचा सोळा वर्षांचा टप्पा पूर्ण होऊन त्या पट्ट्यांचं मोजमाप होईपर्यंत अंगणाला हात लावू नये. अतिथिगृह संस्थेच्या दुसऱ्या जागेवर होऊ शकतं. अशी जागा आहे हे आपण जाणता.

आतापर्यंतच्या सगळ्या नोंदवह्या, वजनांचे तक्ते आणि क्लोराइडच्या नोंदी स्कॅन करून कुणालाही पाहता येतील अशा खुल्या ठेवाव्यात. त्या सार्वजनिक पैशातून झाल्या आहेत. आपल्या गावच्या शाळेला कोणता पत्रा घालावा हे ठरवणाऱ्या सरपंचाला त्या वाचता आल्या पाहिजेत, त्यासाठी सोबत मराठीत सोपं विवेचन हवं. ते लिहायला मी तयार आहे, मानधन नको.

प्रयोगशाळा सहायकाचं पद भरावं आणि त्या तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला निदान नियमित वेतन द्यावं.

गंजशास्त्र धातुशास्त्राला पुन्हा सक्तीचं करावं आणि स्थापत्यच्या मुलांना त्याचा निदान अर्धा विषय द्यावा, अंगणात नेऊन.

प्रयोगशाळेने दिलेला कोणताही तपासणी-अहवाल न बदलता संबंधित कार्यालयाकडे जाईल आणि त्याची पोच फाइलला लागेल, असा नियम मंडळाने लेखी करावा. त्या टाकीचा अहवाल आजच्या तारखेला तरी पाठवावा. टाकी अजून उभी आहे आणि तिच्याखालून मुलं शाळेत जातात.

आणि हे सगळं संस्थेला खरोखरच झेपत नसेल, तर अंगण आहे त्या जागी, आहे त्या नमुन्यांसह, ते चालवू शकणाऱ्या शासकीय संशोधन संस्थेकडे किंवा विद्यापीठाकडे सोपवावं. तशी विचारणा मंडळाने एकदा लेखी करावी. नकार आला तर तो मला दाखवावा.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. तुमच्यापैकी कुणी गोदीत आहे, कुणी रिफायनरीत, कुणी रेल्वेच्या पुलांवर, कुणी आखातात पाइपलाइनवर. ज्या पट्ट्या तुम्ही पावसात भिजत उतरवल्या, त्यांच्यासाठी मंडळाला स्वतःच्या शब्दांत एक पत्र लिहा. रागाने नको. या अंगणाने तुम्हाला काय शिकवलं आणि त्याचा कामावर कुठे उपयोग झाला, एवढंच.

अध्यक्ष महोदय, मंडळाच्या पुढच्या बैठकीत मला पंधरा मिनिटं द्यावीत, ही शेवटची विनंती. बैठक शक्य तर सभागृहात न घेता अंगणात घ्यावी. भरतीच्या वेळी नको, ओहोटीला यावं, म्हणजे मांडण्यांपर्यंत नीट चालत जाता येईल. मी एक आठ वर्षांची पट्टी आणि तिच्याच जोडीची न लावलेली पट्टी, दोन्ही आपल्या हातात देईन. मग ठराव पुन्हा मतदानाला टाकावा. लिलावाच्या तारखेआधी उत्तराची वाट पाहते.

आपली नम्र,
निवृत्त प्राध्यापिका, धातुशास्त्र विभाग